सम्प असलेल्या मत्स्यटाकीचे नळकाम : भोक पाडण्यापूर्वी करायचा विचार

कोल्हापुरात मापाप्रमाणे काचेची टाकी बनवून देणारे कारागीर मिळतात, टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणून भक्कम कपाट करून देणारे सुतारही मिळतात. मात्र टाकीतून खालच्या सम्पमध्ये, म्हणजे कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या लहान टाकीत, पाणी उतरवणारी आणि पंपाने ते पुन्हा वर चढवणारी पाइपलाइन कशी आखायची, हे समजावून सांगणारे कोणी सहसा भेटत नाही. काचवाला म्हणतो, भोक कुठे पाडायचे ते तुम्ही सांगा. प्लंबर म्हणतो, भोक असेल तिथून मी पाइप काढून देतो. या दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, तिथूनच पुढे घरात पाणी येते.

माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी तेच झाले. चढत्या लाइनचे, म्हणजे पंपाकडून वर येणाऱ्या पाइपाचे, तोंड मी पाण्याखाली चांगले १० सेंटिमीटर ठेवले होते, कारण त्यामुळे आवाज येत नव्हता आणि दिसायलाही नीटनेटके वाटत होते. दोन आठवडे सारे सुरळीत चालले. मग एका वळवाच्या पावसात रात्री वीज गेली, पंप थांबला आणि त्याच लाइनने उलटा सायफन (भरलेल्या पाइपातून पाण्याचे खालच्या पातळीकडे आपोआप वाहणे) धरून टाकीतले पाणी खाली ओढले. सम्प भरून वाहिला आणि सकाळी शहाबादी फरशीवर वीसेक लिटर पाणी पसरलेले होते. या लेखातला प्रत्येक टप्पा त्या रात्रीकडे पाहून लिहिला आहे. वीज जाते तेव्हा पाणी कुठवर उतरेल आणि वीज येते तेव्हा ते आपोआप पूर्ववत वाहू लागेल का, ही दोन उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय काचेला ड्रिल लावू नये.

उदाहरणासाठी सर्वत्र एकच टाकी घेतली आहे : लांबी ४ फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट, म्हणजे साधारण १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर. तिच्याखाली ७५ × ३५ × ३५ सेंटिमीटरचा सम्प आहे. पाणी गोडे आहे. आपले माप वेगळे असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

१. आधी जमवायची कागदपत्रे आणि हत्यारे

पहिला कागद म्हणजे मापासह काढलेले रेखाचित्र. त्यात टाकी, कपाट, सम्प, प्रत्येक भोकाचा मध्यबिंदू आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडाची उंची असावी. आपल्याकडे काचवाला सुतात बोलतो, प्लंबर इंचात बोलतो, पंपाच्या खोक्यावर लिटर आणि मीटर असतात. म्हणून चित्रावर सगळी मापे मिलिमीटरमध्ये लिहावीत आणि शेजारी इंच-सूत लिहावे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर.

दुसरा कागद काचेच्या पावतीचा. तळाची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही, साधी आहे, असे त्यावर लिहून घ्यावे. तिसरा कागद पंपाच्या खोक्यातला, ज्यावर उंचीप्रमाणे प्रवाह किती घटतो याचा आलेख असतो. घर भाड्याचे किंवा अपार्टमेंटमधले असेल तर मालकाची अथवा सोसायटीची लेखी संमती घ्यावी, कारण ही टाकी हलकी नाही. पाणी काठोकाठ धरले तर सुमारे २४० किलो, १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे ५० किलो, त्यावर वाळू, दगड, सम्प आणि कपाट मिळून चारशे किलोच्या आसपास भार येतो. जुन्या वाड्यातल्या लाकडी माळ्यावर तो ठेवण्याचा विचारही करू नये.

हत्यारे फारशी लागत नाहीत : बारीक माप घेणारा व्हर्निअर, बारीक दात्यांचा हॅक्सॉ, कानस आणि सँडपेपर, मार्कर, पाणपातळी, टेफ्लॉन टेप, पाइपाच्या जातीचे, जोड चिकटवणारे सोल्युशन, एक बादली आणि भरपूर जुनी वर्तमानपत्रे. व्हर्निअर नसेल तर उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ओळख काढावी. तिथे तो हातात न धरलेला माणूस सापडणे कठीण आहे.

२. प्रवाह किती हवा ते ठरवा

गोड्या पाण्याच्या टाकीला तासाला चार ते सहा वेळा पाणी फिरवले तरी पुरेसे होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता आपल्या टाकीत साधारण २०० लिटर पाणी राहील, म्हणजे तासाला हजार-बाराशे लिटरचा प्रत्यक्ष प्रवाह हवा.

येथे पहिला सापळा आहे. खोक्यावर छापलेला आकडा पंपाला काहीही चढ नसताना मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो, आणि शेजारी दिलेली कमाल उंची ही प्रवाह शून्य होतो ती उंची असते. आपल्या मांडणीत सम्पमधल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची सुमारे ९० सेंटिमीटर आहे. पाइप, एल्बो आणि व्हॉल्व्हचे घर्षण धरून ती १.३ मीटर मानावी. तासाला २००० लिटर आणि कमाल २ मीटर असे लिहिलेला पंप १.३ मीटरवर ढोबळमानाने सातशे लिटरच देईल. ३००० लिटर आणि ३ मीटर असा पंप सतराशेच्या आसपास देईल, आणि त्याला व्हॉल्व्हने आवरता येईल. हा सरळ रेषेचा अंदाज आहे. आलेख असेल तर तोच पाहावा.

पंपाचा प्रवाह कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह नेहमी पंपाच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला बसवावा. ओढणारी बाजू आवळली तर पंप तडतडतो आणि लवकर झिजतो.

३. उतरती लाइन कशी असावी ते ठरवा

टाकीच्या कोपऱ्यात किंवा मागच्या बाजूला काचेचा उभा कप्पा करतात, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. टाकीतले वरच्या थराचे पाणी त्याच्या काठावरून आत सांडते आणि तळाच्या भोकांतून खाली जाते. भोके कप्प्याच्या आत असण्याचा मोठा फायदा असा की उद्या जोड निखळला तरी कप्प्यातलेच पाणी जाते आणि टाकीतले पाणी कप्प्याच्या काठापर्यंतच उतरते. काठावर दातेरी कंगवा लावावा, नाहीतर गप्पीची पिल्ले रोज सम्पमध्ये जाऊन बसतात.

नवशिक्यांना बहुधा एकाच उभ्या पाइपाची रचना सांगितली जाते. पाइपाच्या डोक्यावर वळण आणि त्याला हवेचे छोटे भोक, एवढाच तिचा थाट असतो. ती चालते, पण त्या पाइपातून पाणी आणि हवा एकत्र उतरत असल्यामुळे एक इंची पाइप शांतपणे तासाला हजार-अकराशे लिटरच नेऊ शकतो; त्यापुढे गुळगुळ आवाज सुरू होतो. दुसरे आणि जास्त गंभीर म्हणजे तो पाइप तुंबला तर पाण्याला दुसरी वाटच नसते. एखादे पाणवनस्पतीचे पान किंवा एक शंखवाली गोगलगाय हे काम सहज करते.

म्हणून मी दोन पाइपांची रचना सुचवतो. परदेशी हौशी मंडळी तिला हर्बी म्हणतात. एक पाइप पूर्ण भरून, हवेशिवाय, सायफनने वाहतो आणि त्याच्या खालच्या टोकाला गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून हळूहळू मिटणारा व्हॉल्व्ह, असतो. दुसरा पाइप आणीबाणीचा असतो आणि त्यावर कोणताही व्हॉल्व्ह कधीही बसवायचा नसतो. पूर्ण भरून वाहणारा एक इंची पाइप आपल्या उंचीवर तासाला अडीच हजार लिटरपर्यंत नेऊ शकतो, त्यामुळे मुख्य पाइप बंद पडला तर आणीबाणीचा तेवढ्याच व्यासाचा पाइप पंपाचे सर्व पाणी झेलू शकतो. आणीबाणीचा पाइप पैसे वाचवण्यासाठी पाऊण इंची घेण्याचा मोह होतो. तो टाळावा.

तीन पाइपांची रचनाही आहे : एक पूर्ण सायफनचा, एक थोडे जास्तीचे पाणी हवेसह नेणारा आणि एक पूर्ण कोरडा राहणारा आणीबाणीचा. तिचे नाव बीन अ‍ॅनिमल. पातळी स्वतःहून सावरण्यात ती दोन पाइपांपेक्षा सरस आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणि वारंवार गावाला जाणाऱ्यांनी हीच निवडावी असे माझे मत आहे. मात्र तीन भोकांसाठी कप्पा ३५ ते ४० सेंटिमीटर लांब करावा लागतो.

दोन पाइपांच्या रचनेत उंची अशा ठेवाव्यात. मुख्य पाइपाचे तोंड, जाळीसह, कप्प्याच्या काठापासून १२ ते १५ सेंटिमीटर खाली असावे. याहून वर आणले तर भोवरा होऊन हवा ओढली जाते. आणीबाणीच्या पाइपाचे तोंड काठापासून २ ते ३ सेंटिमीटर खाली असावे. कप्प्यातले पाणी नेहमी या तोंडाच्या पातळीला राहील अशा रीतीने पुढे गेट व्हॉल्व्ह लावायचा आहे, म्हणजे पाण्याला कप्प्यात फार उंचीवरून पडावे लागत नाही आणि धबधब्याचा आवाज थांबतो.

सम्पमध्ये मुख्य पाइपाचे खालचे टोक पाण्याखाली दोन-अडीच सेंटिमीटरच बुडवावे. हौसेने ते तळापर्यंत नेले तर वीज आल्यावर पाइपात अडकलेली हवा खाली ढकलली जात नाही आणि सायफन सुरूच होत नाही. आणीबाणीचा पाइप मात्र सम्पमधल्या पाण्याच्या वर संपवावा. त्यातून पाणी पडू लागले की खळखळाट होतो, आणि तो आवाज हीच आपली सूचना.

उतरत्या लाइनीला आडवा प्रवास शक्यतो देऊ नये. बाजूला सरकवायची असेल तर दोन ४५ अंशांचे एल्बो वापरावेत; ९० अंशांचा काटकोन जागोजागी टाकला की प्रवाह घटतो. आणि लाइन खाली जाताना कुठेही तिचा व्यास लहान करू नये.

४. चढत्या लाइनीला भोक पाडू नका

चढत्या पाइपासाठीही तळाला किंवा मागच्या काचेला भोक पाडा, असे काही जण सुचवतात. मी तसे करत नाही. पाइप टाकीच्या मागून वर नेऊन काठावरून आत वळवला तर काचेचे एक भोक वाचते आणि गळतीची एक जागा कमी होते. दिसायला तो पाइप थोडा खटकतो, मागच्या काचेला काळा रंग दिला की फारसा दिसत नाही.

पंपाचे तोंड अर्धा किंवा पाऊण इंची असले तरी लाइन पाऊण इंची किंवा एक इंची ठेवावी. पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये वीतभर मऊ सिलिकॉनची नळी होज क्लिपने घट्ट बसवावी, म्हणजे पंपाची थरथर कपाटाला आणि कपाटाची भिंतीला पोहोचत नाही. त्याच लाइनीवर एक टी (तीन तोंडांचा जोड) काढून बॉल व्हॉल्व्ह बसवून ठेवला तर पाणी बदलताना नळी जोडून टाकीचे पाणी थेट बागेत सोडता येते. कुंड्यांना ते फार मानवते.

५. वीज गेल्यावरचा हिशोब

हा टप्पा सावकाश वाचावा.

टाकीच्या पाण्याचा पृष्ठभाग १२० × ४५, म्हणजे ५४०० चौरस सेंटिमीटर आहे. त्यामुळे टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येते. सम्पचे क्षेत्रफळ ७५ × ३५, म्हणजे २६२५ चौरस सेंटिमीटर. तिथे १ सेंटिमीटर म्हणजे २.६ लिटर. थोडक्यात, वरचा एक सेंटिमीटर खाली दोन सेंटिमीटर होतो. सोयीसाठी सम्पमध्ये सगळीकडे २० सेंटिमीटर पाणी धरले तर काठापर्यंत १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३९ लिटरची जागा शिल्लक राहते.

आता पंप बंद पडला असे समजू. चढत्या लाइनीचे तोंड पाण्याखाली १० सेंटिमीटर असेल तर टाकीतून ५४ लिटर परत येतील. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले, मुख्य पाइपाच्या तोंडापर्यंतचे, आणि पाइपांमधले मिळून आणखी पाचेक लिटर उतरतील. एकूण ५९ लिटर, जागा ३९ लिटरची. उरलेले २० लिटर माझ्या फरशीवर कसे आले, ते आता आपल्याही लक्षात येईल.

तोंड तेवढेच खोल ठेवून उपाय करायचा असेल तर चढत्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागापासून १ ते २ सेंटिमीटर खाली एक सुताचे भोक पाडावे. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. २ सेंटिमीटरचे ११ लिटर आणि कप्प्याचे ५, असे १६ लिटर सम्पमध्ये येतील, पातळी ६ सेंटिमीटर वाढून २६ वर थांबेल आणि वर ९ सेंटिमीटर जागा राहील. माझ्या मते किमान ५ सेंटिमीटर जागा राहिलीच पाहिजे.

या भोकात शेवाळ धरते आणि लहान गोगलगायी बसतात, म्हणून एक भोक पुरेसे मानू नये. दोन पाडावीत आणि तोंडही फार खोल ठेवू नये. तोंडच २-३ सेंटिमीटरवर ठेवले तर भोक बुजले तरी धोका राहत नाही. मी आता तसेच करतो.

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला की हा सगळा हिशोब नको, असे अनेकांना वाटते. एनआरव्हीच्या पडद्याखाली वाळूचा एक कण किंवा वनस्पतीचा एक तंतू अडकला की तो पूर्ण मिटत नाही. जोडीला असू द्यावा, पण सम्पची मोकळी जागा तो नाहीच असे समजून ठरवावी.

दुसरा हिशोब याच्या उलट आहे. पंप चालू आहे आणि खाली उतरण्याचे दोन्ही पाइप बंद झाले, तर काय? सम्पमधल्या आडव्या काचांमुळे त्याचे कप्पे पडतात, आणि ज्यात पंप आहे त्या कप्प्यातलेच पाणी वर जाऊ शकते. तो कप्पा २० × ३५ सेंटिमीटरचा असेल आणि पंप उघडा पडेपर्यंत पातळी १४ सेंटिमीटर उतरली तर जवळपास १० लिटर वर जाईल. टाकीत ती वाढ १.८ सेंटिमीटर होते. टाकीचे पाणी काठापासून ३ सेंटिमीटर खाली ठेवले असेल तर थेंबही बाहेर येणार नाही. पंपाचा कप्पा उगाच मोठा करू नये, याचे कारण हेच.

मात्र फार लहानही करू नये. बाष्पीभवनाची सारी घट त्याच कप्प्यात दिसते. दिवसाला दोन लिटर पाणी उडाले तर तिथली पातळी जवळपास ३ सेंटिमीटर उतरते, आणि एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवस गावाला गेलो की पंप हवा ओढू लागतो.

६. पाइपाची जात एकच ठेवा

कोल्हापूर हा शेतीचा जिल्हा असल्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात शेतीचा पीव्हीसी पाइप सहज मिळतो आणि स्वस्तही असतो. घरातल्या नळकामासाठी यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी मिळतात. तिन्हींना दुकानात ‘एक इंची’ म्हणतात, आणि तिन्ही एकमेकांत बसत नाहीत. शेतीच्या पाइपाचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर, घरगुती यूपीव्हीसीचा ३३.४ आणि सीपीव्हीसीचा २८.६ असतो. ३२ चा पाइप ३३.४ च्या सॉकेटमध्ये सोल्युशन भरून बसवलेला मी पाहिला आहे. पहिले दोन दिवस तो गळत नाही, एवढेच त्याचे कौतुक.

मी पिण्याच्या पाण्यासाठी असलेला, शिसेविरहित पांढरा यूपीव्हीसी वापरतो. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतो, त्याची येथे गरज नाही. सोल्युशनही पाइपाच्या जातीचेच घ्यावे.

तांबे-पितळेचा सापळा वेगळा आहे. बाजारात गेट व्हॉल्व्ह मागितला की बहुधा पितळेचा किंवा गनमेटलचा हातात येतो, आणि आटे असलेल्या काही फिटिंगच्या आतही पितळेची कडी असते. झिंगे आणि गोगलगायींना तांबे विषारी असते, आणि खाऱ्या पाण्यात तर पितळ फार काळ टिकतही नाही. पूर्ण प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्हच घ्यावा, त्यासाठी पुण्या-मुंबईहून मागवावे लागले तरी चालेल. त्याऐवजी बॉल व्हॉल्व्ह बसवला तर दांडी केसभर हलवली तरी प्रवाह एकदम बदलतो आणि पातळी कधीच जमत नाही. बॉल व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यासाठी आहे, नेमका प्रवाह लावण्यासाठी नाही.

टँक निपल, म्हणजे काचेतून पाइप बाहेर काढणारे फिटिंग, छतावरच्या प्लास्टिकच्या टाक्यांसाठीचे सर्वत्र मिळते. ते चालते, पण त्याची कडा सपाट आहे का, हे काचेवर उलटे ठेवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर परत करावे. एखादे माप कुठेच जुळत नसेल तर उद्यमनगरातल्या लेथवर नायलॉनच्या गोल बारमधून हवे ते बुश कातून मिळते. इतर शहरांतल्या हौशी लोकांना आपल्या या सोयीचा हेवा वाटावा.

७. भोक पाडणे

टँक निपल विकत आणून, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजून, मगच भोकाचे माप ठरवावे. आट्यांपेक्षा भोक १ ते २ मिलिमीटर मोठे असावे. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत आणि दोन भोकांच्या कडांमध्ये किमान भोकाच्या व्यासाएवढी काच राहिली पाहिजे.

टफन्ड काचेला भोक पडत नाही. ड्रिल लागताच ती सगळी चुरा होते. काच जुनी असेल आणि खात्री नसेल तर काचेच्या मागे संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा उजळून ठेवावा आणि पोलराइज्ड गॉगल लावून पाहावे. टफन्ड काचेत काळपट डाग किंवा पट्टे दिसतात.

टाकी चिकटवण्यापूर्वीच, काच सपाट असताना, भोके पाडून घ्यावीत. काम काचवाल्याकडून करून घ्या, पण समोर उभे राहा. डायमंड होल सॉ असावा, वेग कमी असावा, हाताचा जोर न देता ड्रिलच्या वजनानेच काम व्हावे, भोकाभोवती मातीचे आळे करून त्यात पाणी सतत असावे, आणि खाली लाकडाचा आधार असावा. काच संपत येताना घाई झाली की खालच्या बाजूचा टवका उडतो, तिथे वॉशर कधीच बसत नाही.

८. जोडणी

सोल्युशन लावण्यापूर्वी पूर्ण लाइन कोरडी जोडून पाहावी, प्रत्येक जोडावर मार्करने आडवी रेघ मारावी आणि मग एकेक जोड उलगडून चिकटवावा. रेघ जुळली की एल्बोचे तोंड बरोबर दिशेला आहे. कापलेल्या पाइपाच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावावे, पाइप थोडा फिरवत आत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. पाणी चोवीस तासांनी सोडावे.

टँक निपलचा रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, कडेच्या खाली येतो. नट हाताने घट्ट करून वर फार तर पाव फेरा द्यावा. वॉशरवर सिलिकॉन फासू नये. वॉशर सरकतो, आणि पुढे तो भाग काढायची वेळ आली तर काचेशी झटापट करावी लागते. पाना घेऊन जोर लावणारा मदतनीस या दिवशी दूर ठेवलेलाच बरा.

युनियन, म्हणजे पाइप न कापता उघडता येणारे जोड, किती हवेत याबद्दल मी उधळपट्टीच्या बाजूचा आहे. पंपानंतर एक, गेट व्हॉल्व्हच्या वर एक, आणीबाणीच्या पाइपावर एक. युनियन कपाटात हात पोहोचेल आणि फिरेल अशा ठिकाणी असावा. माझ्या सुताराने कपाटाची मधली फळी नंतर ठोकली आणि एक युनियन तिच्यामागे गेला. तो आजतागायत मी उघडू शकलेलो नाही.

९. विजेची बाजू

प्लग पॉइंट सम्पच्या वर, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर असावा. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळात गळून पडतो आणि प्लगमध्ये जात नाही. या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घेता येतो. नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात ठेवावा. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा आमच्या भागात बराच काळ वीज नव्हती. पाणी घरापासून दूर होते, मासे मात्र त्या छोट्या पंपावरच तगले.

१०. मासे आणण्यापूर्वीची परीक्षा

प्रत्येक जोडाखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरावे आणि टाकी भरावी. हाताला न जाणवणारा थेंबही कागदावर डाग सोडतो. दोन दिवस कागद कोरडे राहिले की पुढे जावे.

आता गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप सुरू करावा. मुख्य पाइप एक-दोन मिनिटे हवा ओकेल, मग शांत होईल. त्यानंतर व्हॉल्व्ह अगदी थोडा थोडा मिटवत जावा आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबावे. कप्प्यातली पातळी चढत आणीबाणीच्या तोंडाला येईल. मी त्या पाइपातून करंगळीपेक्षाही बारीक धार चालू ठेवतो, कारण पंपाचा प्रवाह दिवसभरात किंचित कमी-जास्त झाला तर तो फरक ती धार झेलते आणि व्हॉल्व्हला पुन्हा हात लावावा लागत नाही.

मग पंपाचा प्लग काढावा. सम्पमधली पातळी कुठे थांबते ते पाहून तिथे बाहेरून मार्करने रेघ मारावी, आणि कागदावरच्या हिशोबाशी ताडून पाहावे. पुन्हा प्लग लावावा आणि सायफन आपोआप धरतो का ते पाहावे. हे किमान दहा वेळा करावे. नऊदा धरला आणि एकदा नाही, तर तो नापास समजावा; बहुतेक वेळा मुख्य पाइपाचे खालचे टोक जास्त बुडालेले असते, ते कापून थोडे वर घ्यावे.

शेवटी मुख्य पाइपाचे तोंड ओल्या फडक्याने पूर्ण बंद करावे आणि दहा मिनिटे उभे राहावे. आणीबाणीचा पाइप सगळे पाणी नेतो का, टाकीची पातळी काठाखाली राहते का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फडके काढू नये. त्यानंतर पंपाच्या कप्प्यातले पाणी संपेपर्यंत दोन्ही पाइप बंद ठेवून पाहण्याची हिंमत असेल तर तेही करावे. मी केले होते, बादली आणि फडकी हाताशी ठेवून. पाणी काठापासून बोटभर खाली थांबले.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असते, म्हणून परीक्षेचे हे पाणी चाललेले असतानाच त्याला क्लोरिन काढणारे औषध घालून तेच पुढे टाकीसाठी ठेवता येते. त्यानंतर महिन्यातून एकदा चढत्या लाइनीच्या भोकात टाचणी घालून पाहावी, मुख्य पाइपाची जाळी धुवावी आणि प्लग काढून सम्पची पातळी मार्करच्या रेघेवरच थांबते ना, हे तपासावे. रेघेच्या वर गेली तर त्याच दिवशी भोक साफ करावे, कारण पुढची वीज कधी जाईल ते आपल्या हातात नाही.